शर्यत कुणाची, शिडी कुणाची?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून जरा टेकले होते, एवढ्यात आमच्या बचत गटातली एक जण दारात उभी. सोबत तिचा बारा वर्षांचा मुलगा. नवरा अलिबाग-रेवदंडा मिनीडोर चालवतो, ही घरी पापड-मसाल्याची कामं घेते. सुट्टीत पोरगा पुण्याला मामाकडे गेला होता. मामाने हौसेने त्याला गो-कार्टिंगला नेलं आणि तिथून जे वेड घेऊन आला ते काही उतरेना. "ताई, ह्याला रेसर व्हायचंय म्हणे. फॉर्म्युलावाला. खर्च किती येतो हो? गटातून कर्ज मिळेल का?"

मला आधी हसू आलं, मग त्या हसण्याची लाज वाटली. पोरगं इतक्या आशेने बघत होतं! "आठ दिवस दे, विचारून सांगते," म्हटलं. खरं सांगायचं तर मला यातलं काडीचंही कळत नव्हतं. आमच्या घरी रविवारी टीव्हीवर त्या गाड्यांची घरघर सुरू झाली की मी आवाज कमी करायला सांगणारी बाई! पण शब्द दिला होता. मग मुलांना विचारलं, जुनी कात्रणं काढली, वाचलं. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की ही गोष्ट निव्वळ गाड्यांची नाही. आपली मुलं, त्यांची स्वप्नं, त्या स्वप्नांची किंमत आणि ती कोण भरतं याची आहे. म्हणून आज इथे मांडतेय.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

आधी थोडी ओळख. फॉर्म्युला गाडी म्हणजे एकच माणूस बसेल अशी, चाकं अंगाबाहेर उघडी असलेली गाडी. 'फॉर्म्युला वन' हे तिचं शिखर. तिथे पोहोचायला शिडी असते. सात-आठ वर्षांच्या वयात कार्टिंग, पंधराव्या-सोळाव्या वर्षी फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू. वरच्या पायरीसाठी 'सुपर लायसन्स' लागतं आणि त्यासाठी तीन वर्षांत चाळीस गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर एकाच फटक्यात चाळीस. आणि इतकं करून वर जागा किती? २०२५ पर्यंत साऱ्या जगात मिळून वीस. २०२६ पासून अकरावा संघ आला म्हणून बावीस. आपल्या जिल्हा परिषदेच्या सभागृहातही याहून जास्त खुर्च्या असतात!

भारतातून आजवर दोघेच त्या जागेवर बसून शर्यतीत उतरले. २००५ मध्ये कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये चेन्नईचा करुण चंढोक. त्या दोघांनंतर सर्वांत जवळ जाऊन आला तो आपल्या समोरच्या किनाऱ्यावरचा, मुंबईचा पारशी मुलगा जेहान दारूवाला. मांडव्याहून लाँच पकडली की तासाभरात ज्या शहरात उतरतो, त्या शहरातला. त्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली.

एका मुंबईकराची गोष्ट

जेहानचा जन्म १९९८ चा. मुंबईत रेयोमंद बनाजी या राष्ट्रीय कार्टिंग विजेत्याच्या हाताखाली तो तयार झाला. २०११ मध्ये विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाने देशभरातून 'अब्जात एक' मुलगा शोधायची मोहीम काढली. त्यातून तिघे निवडले गेले, त्यातला हा एक. वय तेरा. आपल्याकडे त्या वयात मुलं आठवीच्या चाचणी परीक्षेची तयारी करत असतात. हा मुलगा कार्टिंगसाठी युरोपात जायला लागला.

पुढे पायऱ्या चढत गेला. २०१५ पासून फॉर्म्युला रेनो. २०१७ च्या सुरुवातीला न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला आणि शर्यत जिंकला. २०१९ मध्ये प्रेमा या नावाजलेल्या इटालियन संघाकडून आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्रीमध्ये दोन शर्यती जिंकून हंगामात तिसरा आला. २०२० मध्ये रेड बुलने त्याला आपल्या तरुण चालकांच्या पंखाखाली घेतलं आणि तो फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे शिखराच्या अगदी खालच्या पायरीवर पोहोचला.

६ डिसेंबर २०२० चा तो रविवार. बहारीनमधलं साखीर. फॉर्म्युला टूमधल्या छोट्या शर्यतीची एक गंमत आहे. आदल्या दिवशीच्या शर्यतीतल्या पहिल्या आठांना दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने उभं करतात. आठवा आलेला सर्वांत पुढे, पहिला आलेला आठव्या जागी. (आपल्याकडे शिक्षणात असं काही केलं तर किती बरं होईल, असं माझ्या मनात येऊन गेलं!) जेहान दुसऱ्या जागेवरून निघाला. बाजूला मिक शूमाकर, म्हणजे साक्षात मायकेल शूमाकरचा मुलगा, आणि इंग्लंडचा डॅन टिकटम. या दोघांशी झुंजून जेहान जिंकला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय! 'जन गण मन' वाजलं.

पण याच बहारीनमध्ये बरोब्बर सात दिवस आधी काय झालं होतं माहीत आहे? फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. तो माणूस त्या आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हात भाजले पण जीव वाचला. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती जी 'हॅलो' नावाची धातूची कमान बसवतात, तिने डोकं वाचवलं. मी हे वाचलं तेव्हा मला जेहानच्या आईचाच विचार आला. सात दिवसांनी तिचा मुलगा त्याच परिसरात गाडीत बसला. राष्ट्रगीत ऐकताना तिच्या डोळ्यांपुढे काय असेल?

पहिले तिघे गेले कुठे?

आता खरा प्रश्न. इतकं जिंकून जेहान फॉर्म्युला वनमध्ये का गेला नाही?

२०१९ च्या त्या फॉर्म्युला थ्रीच्या हंगामाकडे बघा. पहिला आला रशियाचा रॉबर्ट श्वार्ट्झमन, दुसरा न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग, तिसरा आपला जेहान. तिघेही एकाच संघातले. आणि या तिघांपैकी एकालाही फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरायला मिळालं नाही! त्याच हंगामात गुणतक्त्यात त्यांच्या खाली असलेले जपानचा युकी त्सुनोदा, न्यूझीलंडचा लियाम लॉसन, अमेरिकेचा लोगन सार्जंट हे मात्र पुढे तिथे पोहोचले.

म्हणजे वशिला? इतकं सोपंही नाही. त्सुनोदा २०२० मध्ये जेहानच्याच संघात होता आणि त्या वर्षी फॉर्म्युला टूमध्ये तो जेहानपेक्षा कितीतरी पुढे, तिसरा आला. जेहान बारावा. म्हणजे ज्या वर्षी दार उघडतं, त्या वर्षी तुम्ही चांगले असायला हवं. नंतरच्या दोन्ही वर्षी, २०२१ आणि २०२२ मध्ये, जेहान सातवा आला. फॉर्म्युला टूमध्ये एकूण चार शर्यती जिंकला, त्यातली एक मॉन्झाची मोठी शर्यत. पण पहिल्या तिघांत आला नाही, हेही तितकंच खरं. आपल्या माणसाबद्दल लिहिताना आपण हे लपवतो आणि 'अन्याय झाला' म्हणून मोकळे होतो. तसं करू नये.

पण नुसतं पहिलं येऊनही भागत नाही. २०२२ चा फॉर्म्युला टू विजेता, ब्राझीलचा फिलिपे ड्रुगोविच. त्यालाही पुढच्या वर्षी वर जागा मिळाली नाही. जागा रिकामी हवी, मागे मोठा संघ हवा, पैसा हवा आणि देशाची बाजारपेठही हवी. जपानी चालकाच्या पाठीशी होंडासारखी इंजिनं देणारी कंपनी उभी होती. आपल्याकडचा फोर्स इंडिया संघ, ज्याने या मुलाला निवडलं, तो २०१८ मध्ये कर्जात बुडून दुसऱ्यांच्या हाती गेला. मल्ल्यासाहेब तर २०१६ मध्येच देशाबाहेर! ज्या बोटाला धरून पोर चालायला शिकलं, ते बोटच सुटलं.

जेहानने २०२२ च्या जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी दोन दिवस चालवली. दाराची मूठ हातात आली म्हणायची. पण दार उघडलं नाही. त्या वर्षाअखेर रेड बुलची साथ संपली. मग तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईकडे वळला. आधी महिंद्राचा राखीव चालक, मग २०२४ च्या हंगामात मझेराती संघाचा मुख्य चालक. त्या वर्षी हैदराबादला, आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर त्याची शर्यत व्हायची होती. फेब्रुवारीत शर्यत आणि जानेवारीत ती रद्द झाली! तेलंगणात सरकार बदललं आणि आधीच्या सरकारचा करार नव्याने पाळला नाही. पुढच्या हंगामात मझेरातीच्या दोन्ही जागांवर दुसरेच चालक होते. तेव्हा जेहान जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. आपल्याकडे या वयात मुलं पहिल्या नोकरीत रुळत असतात.

किंमत कोण भरतं?

फॉर्म्युला टूच्या एका हंगामाला वीस ते तीस लाख युरो लागतात, असं या क्षेत्रातले लोक सांगतात. म्हणजे आपले वीस ते तीस कोटी रुपये. एका वर्षाचे! आणि बहुतेक संघांत हे पैसे चालक घेऊन येतो, संघ देत नाही. म्हणजे नोकरी मिळवायची आणि पगारही आपणच द्यायचा. जेहानचे वडील स्टर्लिंग अँड विल्सन या मोठ्या कंपनीचे उद्योजक. म्हणून तो इथवर आला. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला, तोही राजकारणातल्या मोठ्या घराण्यातला. यात त्यांचा दोष नाही, मेहनतही कमी नाही. पण आपल्या मिनीडोरवाल्याच्या पोराला ही शिडी दिसते तरी का, हे समजून घ्यायला हवं.

परदेशात तरी गरिबाची पोरं येतात का? येतात, अगदी थोडी. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी मुलाच्या कार्टिंगसाठी एका वेळी दोन-तीन नोकऱ्या केल्या. पण तेराव्या वर्षी, १९९८ मध्ये, मॅक्लारेनने त्याचा खर्च उचलला म्हणून तो हॅमिल्टन झाला. फ्रान्सच्या एस्तेबान ओकोनच्या आईवडिलांनी तर राहतं घर विकलं आणि मुलाला घेऊन कॅरॅव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात राहिले. या गोष्टी नेहमी कौतुकाने सांगतात. मला मात्र त्या वाचताना दुसराच प्रश्न पडतो. ज्यांनी घर विकलं आणि ज्यांचा मुलगा पोहोचला नाही, त्यांची गोष्ट कोण सांगणार? ती आई आज कुठे राहते?

खेळ की करमणूक?

सरकारने काही करावं, असं म्हणावं तर आपलं सरकारी धोरणच गमतीचं. नोएडाजवळ बुद्ध सर्किट बांधलं, २०११ ते २०१३ तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि बंद पडली. उत्तर प्रदेश सरकारने त्याला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. बाहेरून येणाऱ्या गाड्या, टायर यांच्यावरच्या जकातीचा घोळ वेगळाच. मोटार शर्यतींतल्या खेळाडूला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१९ मध्ये, रॅलीचालक गौरव गिलला. चेन्नईजवळचं सर्किट, कोइम्बतूरचं कारी आणि नोएडाचं बुद्ध, ही जुनी तिन्ही सर्किटं महाराष्ट्राबाहेर. आपल्याकडे कोल्हापूरला मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, तिथे राष्ट्रीय स्पर्धाही होतात. म्हणजे पहिली पायरी आहे, दुसरी नाही.

आता आम्हा अलिबागकरांना शर्यत काही नवी नाही हो! समुद्रावर ओहोटीच्या ओल्या वाळूत बैलगाड्या आणि घोडागाड्या पळाल्या की अख्खं गाव लोटतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. त्यासाठी सगळे पक्ष एक झाले, मोर्चे निघाले. का? तर बैल आपल्या गोठ्यातला, वाळू आपली, माणूस आपला. मोटारीची शर्यत 'त्यांची' वाटते, म्हणून ती असली काय, गेली काय, कुणाला पडलेली नाही.

आणि मुली?

मैत्रिणींनो, आपल्या पुरवणीत हा प्रश्न विचारल्याशिवाय कसं चालेल? या शिडीवर मुलींनी चढू नये असा कुठलाही नियम नाही. मुलगे-मुली एकत्रच पळतात. तरीही फॉर्म्युला वनच्या शर्यतीत शेवटची बाई उतरली ती १९७६ मध्ये, इटलीची लेला लोम्बार्डी. पन्नास वर्षं झाली!

इंग्लंडच्या जेमी चॅडविकचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीची शर्यत जिंकणारी ती पहिली महिला. २०१९ च्या सुरुवातीला आपल्या चेन्नईत येऊन तिने एमआरएफ चॅलेंजचं विजेतेपद मुलग्यांच्या नाकावर टिच्चून नेलं. महिलांसाठीची डब्ल्यू सिरीज तीनदा जिंकली. पण फॉर्म्युला थ्रीची पुढची जागा पैशाअभावी मिळेना आणि डब्ल्यू सिरीजच २०२२ मध्ये पैसे संपून अर्ध्यात बंद पडली. २०२३ पासून 'एफ वन अकॅडमी' सुरू झाली आहे, तिच्याकडे आता मुली आशेने बघताहेत. ताकदीचा मुद्दाही आहे. फॉर्म्युला टू आणि थ्रीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं, वळणावर मनगट आणि खांदे पिळवटून निघतात. पण गाडी पुरुषाच्या हाताच्या मापाने बनवायची आणि मग बाईचा हात कमी पडतो म्हणायचं, हे आपल्याला नवीन का आहे? ओट्याची उंची सोडली तर दुसरं काय बाईच्या मापाने बनवलंय!

आपल्या पुण्याची डायना पंडोल मात्र वेगळीच आशा देऊन गेली. दोन मुलांची आई, आधी शिक्षिका. २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका निवड मोहिमेतून ती या खेळात आली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईला सलून गाड्यांच्या गटात, पुरुषांना मागे टाकून राष्ट्रीय विजेती झाली. असा मान मिळवणारी पहिली भारतीय महिला. ती उघड्या चाकांची गाडी नव्हती, फॉर्म्युलाची शिडीही नव्हती. पण लग्न, बाळंतपण, नोकरी हे सगळं झाल्यावर सुरुवात करता येते, हे तिने दाखवलं. देशातल्या नव्या इंडियन रेसिंग लीगमध्ये प्रत्येक संघात एक तरी महिला चालक असावी लागते, हेही लहानसं का होईना, पाऊल आहे.

मी काय सांगितलं

आठ दिवसांनी ती माउली पुन्हा आली. मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गटातून कर्ज काढू नकोस, हे आधी. घर, दागिने, मिनीडोर यांना हात लावायचा नाही, हे दुसरं. आणि तिसरं, जे सांगताना माझा आवाज जड झाला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या सर्किटवर मोटारसायकलच्या शर्यतीत तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. तेरा वर्षांचा! नियम होते, हेल्मेट होतं, डॉक्टर होते. तरीही गेला. आपल्याकडे तर वरसोलीच्या वाळूत आणि बायपासवर पोरं विनाहेल्मेट 'रेस' लावतात आणि आपण 'वय आहे' म्हणून सोडून देतो.

ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे नाहीच म्हणू ना त्याला?"

तिथे मी अडले. कारण नाही म्हणणं सोपं असतं. मिनीडोरवाल्याच्या पोराने स्वप्न बघू नये, असं त्यातून त्याला शिकवल्यासारखं होतं. शेवटी मी पोरालाच जवळ बोलावलं. विचारलं, तुला गाडीतलं काय आवडतं? वेग? तो म्हणाला, "नाही. गाडी वळते कशी, ते." आणि मग त्याने मला वहीच्या मागच्या पानावर चाकांची चित्रं काढून दाखवली. एकेका गाडीमागे किती इंजिनीअर, किती मेकॅनिक राबतात, टायर बदलायला दोन-तीन सेकंदांत किती हात लागतात, हे मी नुकतंच वाचलेलं त्याला सांगितलं. त्याला माहीतच नव्हतं, की त्या जगात स्टिअरिंगशिवायही जागा असतात. आणि त्या बावीसपेक्षा पुष्कळ जास्त असतात.

आता तो सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या गॅरेजात जाऊन बसतो. बाप सुरुवातीला चिडला, आता मिनीडोरचं ब्रेक-ऑइल त्याच्याकडूनच बघून घेतो. पुढे पॉलिटेक्निकला जाईल की आणखी कुठे, ठाऊक नाही. रेसर होईल का, तर बहुधा नाही. पण आपल्याला कुणी खोटं सांगितलं नाही आणि कुणी हसलंही नाही, एवढं त्याच्या लक्षात राहील, असं वाटतं.

जेहान दारूवालाने शिखर गाठलं नाही. त्याच्या मागे पैसा होता, गुण होते, मेहनत होती, तरीही नाही. यात मला अपयश दिसत नाही. शिडीच अशी आहे, की वरच्या टोकाला जवळपास कुणीच पोहोचत नाही. असल्या शिड्या काही एकट्या मोटार शर्यतीत नसतात. आयआयटीचे क्लास, गाण्याचे रिॲलिटी शो, क्रिकेटच्या अकादम्या, सगळीकडे त्या आहेत. पोराला शिडीवर चढवण्याआधी तिला पायऱ्या किती, वर जागा किती आणि मधून उतरायची वेळ आली तर खाली उभं कोण राहणार, हे तीन प्रश्न आपण आयांनी विचारायलाच हवेत.

मुलगा जिंकला तर जग धावून येतंच. उतरून येईल त्या दिवशी दारात आपण असायला हवं. घर विकलेलं नसेल, तरच दार असेल ना!